आधी चिंबोरी, मग गूगल

रविवारी सकाळी दिवाळे गावात मासळी घ्यायला गेले की माझी मावशी ठरलेली असते. पाटीत बोईट, कोळंबी, कधी निवट्या, आणि एका बाजूला दोरीनं नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या. मागच्या वर्षी तिच्याबरोबर तिची मुलगी होती. डी.एड. झालेली, टीईटी उत्तीर्ण, आणि शिक्षकभरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेली. आई चिंबोऱ्या निवडत होती तेवढ्यात तिनं मला मोबाइल दाखवला. बेलापूर-महापे पट्ट्यातल्या ऑफिसांत 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर' नावाची नोकरी असते असं तिला कळलं होतं, आणि त्या नावानं इंटरनेटवर जे जे सापडलं ते तिनं साठवून ठेवलं होतं. ६३ दुवे. "ताई, यातलं आधी काय वाचू?"

या धंद्यात पंधरा वर्षं काढूनही ती यादी बघून मला घाम फुटला. निम्मे दुवे एकमेकांची री ओढणारे, काही बंद पडलेले, आणि खरोखर मोलाचे दोन-तीन पार तळाशी. मी म्हटलं, दुवे राहू दे. आधी तुझी आई आत्ता काय करतेय ते बघ. पुढच्या काही महिन्यांत आम्ही दोघींनी मिळून जे केलं त्यातून हा लेख आला. शिकवण्याची हौस किंवा पदवी आहे, पण या क्षेत्रात शिरायचं कुठून ते कळत नाही, अशा प्रत्येकासाठी तो आहे.

नाव भारदस्त आहे, म्हणून काम काय ते आधी सांगते. डी.एड.-बी.एड. केलेल्यांनी ढीगभर पाठ टाचणं काढलेली असतात : उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, अध्ययन अनुभव, मूल्यमापन. पण टाचण काढणारा शिक्षक स्वतः वर्गात उभा असतो. मुलांचे चेहरे बघून तो टाचण बाजूला ठेवतो आणि फळ्याकडे वळतो. इन्स्ट्रक्शनल डिझायनरला ही सोय नाही. त्याचा धडा साताऱ्याच्या बँकेतला कारकून रात्री साडेनऊला एकटाच मोबाइलवर बघणार असतो. त्याचा चेहरा दिसत नाही, त्याची शंका ऐकू येत नाही. तो कुठे अडेल, कशाचा उलटा अर्थ लावेल, हे आधीच ताडून धड्यातच त्याची तजवीज करून ठेवायची, हे काम. आपल्या बी.एड.च्या पुस्तकांत 'अनुदेशन' आणि 'शैक्षणिक तंत्रविज्ञान' हे शब्द भेटतात. ऑफिसात सगळे नुसतं 'आयडी' म्हणतात.

नावाशिवाय हे आपल्याकडे फार आधी झालेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. शिकणारा कोण, त्याचा दिवस कसा जातो, हे आधी, वेळापत्रक नंतर. आणि ज्यांना ई-लर्निंग ही परकी गोष्ट वाटते त्यांनी घरात कुणी एमएस-सीआयटी केलंय का ते विचारावं. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या त्या अभ्यासक्रमात संगणकापुढे बसून पायरीपायरीनं जे शिकलो, ते तसं कुणीतरी बसून रचलेलं होतं. मुंबईत तर या कामाच्या कंपन्याही जुन्या. टाटा इंटरॲक्टिव्ह सिस्टिम्सनं १९९० च्या दशकापासून हेच केलं. २०१८ मध्ये ती एमपीएस कंपनीकडे गेली.

हातात घेतली की कळतं

आता चिंबोरी. मुलीला मी काम दिलं ते असं : सीवूड्स-नेरूळच्या इमारतीत राहणारं, बाजारात बिचकणारं एक गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आण आणि भरलेली चिंबोरी कशी ओळखायची याचा दहा मिनिटांचा धडा तयार कर. मोबाइलवर बघता येईल असा. तोवर एकही दुवा उघडायचा नाही.

ती आईकडे गेली आणि विचारलं, भरलेली कशी ओळखतेस? आई म्हणाली, "हातात घेतली की कळतं."

या विषयाचा सगळा अभ्यास या एका वाक्यापासून सुरू होतो. जाणकाराला येतं, पण कसं येतं ते सांगता येत नाही. सवयीनं त्याच्या पायऱ्या एकमेकींत विरघळून गेलेल्या असतात. बँकेतला कर्जविभागाचा मुरलेला अधिकारी असो, औषधाच्या कारखान्यातला फोरमन असो किंवा माझी मावशी, पहिलं उत्तर हेच येतं. मुलगी मग तीन सकाळी पाटीजवळ नुसती बसून राहिली, वही घेऊन. आई काय म्हणते याकडे लक्ष न देता हात काय करतात ते लिहीत गेली. तेव्हा कळलं की आई चिंबोरी उचलते ती तळहातावर तोलून बघायला : आकाराच्या मानानं जड आहे का? मग उलटी करते. पोटाचं झाकण निमुळतं असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी. मग पोटाकडच्या कवचावर अंगठा दाबते. दबलं तर पोकळ. आणि या सगळ्याच्या आधी, घरातून निघतानाच, तिनं तिथी पाहिलेली असते. अवसेच्या आसपासची चिंबोरी भरलेली, पुनवेची हलकी, हा तिचा पिढीजात हिशेब. ही शेवटची गोष्ट तिनं कधीच कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

मग मी मुलीला म्हटलं, आता उद्दिष्ट लिही. तिनं डी.एड.च्या सवयीनं लिहिलं : 'गिऱ्हाइकाला भरलेल्या चिंबोरीची ओळख होईल.' ओळख झाली हे दिसणार कसं? रॉबर्ट मेगर नावाच्या अमेरिकी लेखकानं १९६२ मध्ये उद्दिष्टं कशी लिहावीत यावर एक लहानसं पुस्तक लिहिलं. त्याचा आग्रह एवढाच की शिकणारा काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती बिनचूक, हे वाक्यातच यावं. दुसऱ्या खेपेला तिनं लिहिलं : 'दहा चिंबोऱ्या समोर ठेवल्यावर, कुणाची मदत न घेता, गिऱ्हाईक पोकळ चिंबोऱ्या बाजूला काढेल; जास्तीत जास्त एक चूक.' आता याची परीक्षा घेता येते, आणि धड्यात काय घालायचं नाही तेही कळतं. चिंबोरीचं शास्त्रीय नाव गेलं. कोळी समाजाचा इतिहास गेला, तिला वाईट वाटलं तरी गेला.

आता दुवे उघडायची वेळ आली.

प्रश्न घेऊन शोधा

'इन्स्ट्रक्शनल डिझाइन' एवढंच गूगलला विचारलं तर तो जत्रा भरवतो. पहिल्या पानावर कोर्स विकणारे, सॉफ्टवेअर विकणारे, आणि 'दहा सर्वोत्तम'च्या याद्या. पण तुमच्याकडे अडलेलं काम असलं की शोध आपोआप बारीक होतो. आमच्या मुलीचे प्रश्न असे निघाले : जाणकाराच्या हातातलं कौशल्य पायऱ्यांत कसं मोडायचं? (यासाठीचा इंग्रजी शब्द 'टास्क ॲनालिसिस'.) सोडवून दाखवलेलं उदाहरण आधी द्यावं की आधी करायला लावावं? ('वर्क्ड एक्झाम्पल.') चुकल्यावर काय सांगावं? ('फीडबॅक.') या तीन शब्दांनी शोधल्यावर ६३ दुव्यांतले ९ उरले आणि नवे पाच मिळाले.

आणखी एक अडचण नावांची. विद्यापीठांत याच विषयाला 'एज्युकेशनल टेक्नॉलॉजी' म्हणतात, कंपन्यांत 'इन्स्ट्रक्शनल डिझाइन', आणि अलीकडे 'लर्निंग एक्सपिरियन्स डिझाइन'. एकाच नावानं शोधलं तर एकच बाजू दिसते. मराठीत शोधायचं तर 'शैक्षणिक तंत्रविज्ञान' वापरा, बी.एड.च्या नोट्स जास्त येतील, पण पाया पक्का करायला त्या पुरतात. इंग्रजी संज्ञा अडली तर भाषा संचालनालयाचा शिक्षणशास्त्र परिभाषा कोश शासनाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. त्यातले काही प्रतिशब्द मूळ शब्दापेक्षा अवघड आहेत, हा भाग वेगळा. शोधताना आणखी दोन युक्त्या : शब्दसमूह अवतरणचिन्हांत घाला, आणि शोध एका प्रकारच्या संकेतस्थळापुरता बांधून घ्या. इंग्रजीत 'साइट', त्यापुढे कोलन, आणि लगेच 'एसी डॉट इन' असं लिहिलं की फक्त भारतातल्या शिक्षणसंस्थांची पानं येतात. विक्रेते एका फटक्यात गळतात.

घराजवळून सुरुवात करू. इग्नूचं सगळं अभ्याससाहित्य 'ई-ज्ञानकोश' या भांडारात ठेवलेलं असतं. दूरशिक्षणाच्या पदव्युत्तर पदविकेत त्यांचा एमडीई-४१२ हा अभ्यासक्रमच 'इन्स्ट्रक्शनल डिझाइन' या नावाचा आहे. भाषा कोरडी, छपाई जुनाट, आणि तरीही माझ्या मते आपल्याकडच्या नवशिक्यानं आधी हेच उघडावं. कारण वाचता वाचता एक गंमत कळते : प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये मध्ये 'आपली प्रगती तपासा' असे थांबे, शेवटी उत्तरं. विषय सांगणारं पुस्तक त्या विषयाप्रमाणेच रचलेलं आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पुस्तकंही याच घराण्यातली. कुणाच्या घरी माळ्यावर पडलं असेल तर काढा, आणि ते काय सांगतं ते बाजूला ठेवून कसं सांगतं तेवढं बघा.

पवईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानावर पीएच.डी.पर्यंतचं काम चालतं. तिथल्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणारी एक पद्धत बसवली आणि ती शिकवणारे अभ्यासक्रमही घेतले. त्यातली एक गोष्ट मी उघडपणे उचलली आहे : व्हिडिओ मध्येच थांबतो आणि म्हणतो, पुढे जाण्याआधी हे वहीत लिहा. अशा थांब्याला ते 'रिफ्लेक्शन स्पॉट' म्हणतात. एनपीटीईएल आणि २०१७ मध्ये सुरू झालेलं 'स्वयम्' यांवर अशा विषयांचे अभ्यासक्रम अधूनमधून लागतात. शिकणं फुकट, परीक्षा आणि प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क. वेळापत्रक सत्राप्रमाणे असतं, म्हणून आधी नोंद करून ठेवावी लागते.

पण आयआयटीतलंच दुसरं एक साधन मला जास्त आवडतं, आणि ते इन्स्ट्रक्शनल डिझाइन शिकवतच नाही. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प लिबरऑफिस, इंकस्केप, जिंप अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो. धडे साधारण दहा मिनिटांचे, आणि बरेच मराठीतही. एका खिडकीत धडा, बाजूच्या खिडकीत तुमचं काम, दोन्ही शेजारीशेजारी, अशी त्यांची रीत. आणि संहिता लिहून झाली की ती विषय न येणाऱ्या नवशिक्याकडून तपासून घेतात. तो अडला तर संहिता बदलते. हा नियम लहान दिसतो, पण मोठमोठ्या कंपन्यांत तो पाळला जात नाही. त्यांच्या संहिता आणि लेखकांसाठीच्या सूचना उघड्यावर आहेत. धडा बघा, मग त्याची संहिता वाचा, मग एक वाक्य काढून टाकलं तर काय बिघडेल ते ठरवा. एका संध्याकाळचा अभ्यास होतो.

बेलापूरहून हार्बर लाइननं सहावं स्टेशन मानखुर्द. तिथे टीआयएफआरचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं. मुलांच्या मनात विज्ञानाबद्दल कोणत्या चुकीच्या कल्पना पक्क्या बसलेल्या असतात, हा तिथल्या संशोधनाचा एक जुना धागा. कंपनीत काम करायचंय, शाळेच्या विज्ञानाचं काय करू, असं म्हणू नका. शिकणारा कोऱ्या पाटीनं येत नाही, चुकीचं उत्तर घेऊन येतो, हे तिथल्या लेखनातून जितकं कळेल तितकं विक्रेत्यांच्या पानांतून कळणार नाही. जुहूला एसएनडीटी विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभागही आहे; रीतसर पदवी घ्यायची असेल तर तिथे चौकशी करा.

परदेशी साधनांपैकी मी तीनच सांगेन. 'एडटेक बुक्स' या संकेतस्थळावर या विषयाची अख्खी पाठ्यपुस्तकं मोफत आहेत. रिचर्ड वेस्ट यांनी संपादित केलेलं २०१८ चं पायाभूत पुस्तक तिथेच आहे. टोनी बेट्स यांचं 'टीचिंग इन अ डिजिटल एज' हे २०१५ मध्ये पहिल्यांदा आलेलं मुक्त पुस्तक, पुढे सुधारलेलं. आणि 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ डिझाइन्स फॉर लर्निंग' हे मोफत नियतकालिक. त्यात लोक आपण रचलेल्या धड्यांची हकीकत लिहितात, काय फसलं त्यासकट. सिद्धान्त वाचून कंटाळा आला की मी हे वाचते.

गळ टाकून बघा

साधन सापडलं, आता ते धड आहे का हे कसं ओळखायचं? माझ्याकडे काही गळ आहेत. पान उघडलं की ते टाकते.

पहिला गळ डेलच्या शंकूचा. 'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के' हे चित्र तुम्ही पाहिलेलं आहेच, आपल्या बी.एड.च्या गाइडांतही असतं. एडगर डेल यांनी १९४६ च्या पुस्तकात अनुभवाचा शंकू दिला, तो खरा. त्यात टक्के नव्हते. ते पुढे कुणीतरी चिकटवले, आणि त्यांच्यामागे दाखवण्यासारखा प्रयोग नाही. विल थालहाइमर यांनी हे सगळं उकरून काढून सविस्तर लिहिलं आहे. नुसता विचार केला तरी पुरे : माणसाची स्मृती दहाच्या पटीत इतकी नीटनेटकी भागेल कशी? तरीही हे आकडे एखाद्या संकेतस्थळावर दिसले तर त्या लेखकानं मूळ पुस्तक उघडलेलं नाही एवढं नक्की कळतं. मग त्याच्या बाकीच्या विधानांवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

दुसरा गळ 'दृक् विद्यार्थी, श्राव्य विद्यार्थी' यांचा. ज्याची त्याची शिकण्याची शैली ओळखून तसा धडा दिला की तो जास्त शिकतो, हे ऐकायला इतकं न्याय्य वाटतं की नाही म्हणायला जीव होत नाही. २००८ मध्ये पॅशलर आणि तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं, आणि अशा वाटणीचं समर्थन करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. लोकांना आवडीनिवडी असतात, हे ते नाकारत नाहीत. आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, हे सिद्ध झालेलं नाही.

तिसरा थोडा बारीक. 'ॲडी' हे पाच पायऱ्यांचं सूत्र (विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन) सगळीकडे असतं. ते कुणी शोधलं असं पान म्हणतं? त्याची मुळं १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी सैन्यासाठी झालेल्या कामात आहेत. पण मायकेल मोलेंडा यांनी २००३ मध्ये शोध घेतला तेव्हा या नावाचा एक असा जनक त्यांना सापडला नाही. ते लोकांच्या बोलण्यातून रूढ झालं. जे पान एकाच माणसाचं नाव ठोकून देतं ते दुसऱ्या पानावरून उतरवलेलं असण्याचा संभव मोठा.

हे झाले मजकुराचे. त्यापेक्षा मी जास्त मोल देते ते वागणुकीला. इतर विषयांत साधन कंटाळवाणं असूनही बरोबर असू शकतं. इथे तसं नाही. शिकवणं कसं रचावं हे शिकवणारा जर स्वतः नीट रचत नसेल तर तो कशाच्या जोरावर बोलतो? मी स्वतः यात फसले आहे. धंद्यात नवी असताना एका संस्थेच्या ऑनलाइन प्रमाणपत्राला पगारातले चांगले पैसे भरले. सगळा अभ्यासक्रम म्हणजे स्लाइड आणि ती जशीच्या तशी वाचून दाखवणारा आवाज. रिचर्ड मेयर यांनी मल्टिमीडियातून लोक कसे शिकतात यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि २००१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. चित्र आणि निवेदन चालू असताना तेच शब्द पडद्यावरही दाखवले तर शिकणाऱ्यावर उगीच भार येतो, हा त्यातला एक निष्कर्ष. चौथ्या आठवड्यात त्या संस्थेनं हाच निष्कर्ष शिकवला. स्लाइडवर शब्दन् शब्द लिहून, आणि तो शब्दन् शब्द वाचून दाखवून.

तेव्हापासून पैसे भरण्याआधी मी एक नमुनाधडा मागते आणि तो बघताना तीनच गोष्टी शोधते. मला काही करायला लावलं का? केल्यावर चूक-बरोबर यापलीकडे, का चुकलं ते सांगितलं का? पाच मिनिटं झाली तरी मी नुसती बघतेच आहे का? नमुनाधडा द्यायला नकार आला तर पुढे बोलणं नाही. 'नोकरीची हमी' असली तर त्याहून आधीच उठावं.

अभिप्रायांच्या ताऱ्यांवर जाऊ नका. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ च्या सुमारास प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पातळ्यांत मांडलं : आवडलं का, शिकलात का, कामावर वापरलंत का, आणि त्यानं फरक पडला का. पाचपैकी पावणेपाच तारे ही पहिली पातळी. तीन महिन्यांनी त्या माणसाचं काम सुधारलं का, हे तारे सांगत नाहीत. शक्य असेल तर तो अभ्यासक्रम केलेल्या कुणाला तरी गाठा आणि त्यानंतर त्यानं काय बनवलं ते दाखवायला सांगा.

कोण विकतंय तेही बघा, पण त्यानं लगेच नाक मुरडू नका. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पानांवर हातचे नमुने चांगले मिळतात. फक्त त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर त्यांचंच सॉफ्टवेअर हे औषध असतं. मुलीच्या ६३ दुव्यांतले जवळजवळ वीस नुसते साधन कसं चालवायचं याचे होते. बटण कुठे आहे हे महत्त्वाचं, पण ते शेवटच्या आठवड्यात शिकून होतं.

जुनं म्हणून टाकू नका आणि नवं म्हणून धरू नका. मेगरचं पुस्तक साठी उलटूनही कामाचं आहे. उलट, २०१० च्या आसपासचे कितीतरी देखणे नमुने आता उघडतच नाहीत, कारण ते फ्लॅशमध्ये होते आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं. एखादा दुवा मेलेला निघाला तर त्याचा पत्ता 'वेबॅक मशीन'मध्ये घालून बघा. मजकूर बहुधा सापडतो. आणि जे आवडलं ते उचलण्याआधी पानाच्या तळाशी परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्स लिहिलं असेल तर कोणत्या अटीवर वापरता येईल तेही तिथेच असतं. काहीच लिहिलं नसेल तर ते तुमचं नाही असं समजा.

चॅटबॉटचं काय, हे हल्ली प्रत्येक जण विचारतो. इंग्रजी उतारा मराठीत समजून घ्यायला आणि धड्यासाठी चुकीचे पर्याय सुचवून घ्यायला मी तो वापरते. पण तो संशोधनाचा हवाला देतो तेव्हा लेखाचं नाव गूगल स्कॉलरमध्ये शोधल्याशिवाय वहीत उतरवत नाही. असे कितीतरी हवाले अस्तित्वातच नसतात, आणि डेलच्या शंकूचे टक्के तोही अधूनमधून खुशाल सांगतो.

पुन्हा पाटीजवळ

वाचनाला वेळ किती द्यावा? मी मुलीला सांगितलं होतं, एक तास वाचन केलंस तर तीन तास धड्यावर बस. तिची वही दोन रकान्यांची : डावीकडे 'काय वाचलं', उजवीकडे 'धड्यात काय बदललं'. उजवा रकाना दोन आठवडे रिकामा राहिला तर ते साधन सोडायचं, कितीही नावाजलेलं असो. या एका नियमानं तिचे चौदा दुवे सहावर आले.

उजव्या रकान्यातली एक नोंद सांगते. कॅथी मूर नावाच्या डिझायनरच्या संकेतस्थळावर एक मोफत तक्ता आहे : समोरचा माणूस काम नीट करत नाही, ते येत नाही म्हणून, की येतं पण दुसरं काही आडवं येतं म्हणून? दुसरं असेल तर प्रशिक्षण देऊन उपयोग नाही. मुलीनं तो तक्ता घेऊन चार गिऱ्हाइकांना गाठलं. तिघांना खरंच काही माहीत नव्हतं. चौथ्या बाई म्हणाल्या, "मला कळतं गं, पण हातात घेतलेली परत ठेवायची लाज वाटते. मावशी काय म्हणेल?" या बाईंसाठी अंगठा कुठे दाबायचा हे सांगून काय होणार? मग धड्यात पंधरा सेकंदांचा एक प्रसंग आला : गिऱ्हाईक चिंबोरी परत ठेवतं, आणि मावशी काही न बोलता दुसरी पुढे करते. आईनंच तो करून दाखवला.

नोकरीच्या मुलाखतीत तिच्याकडे प्रमाणपत्र एकच होतं, आणि ते कुणी उघडून बघितलं नाही. बघितला तो चिंबोरीचा धडा. पहिली आवृत्ती, तिसरी आवृत्ती, आणि मध्ये काय का बदललं याची दोन पानं. तुमच्याकडे समुद्र नसेल तर आंब्याची पेटी पारखण्याचा धडा करा, शिलाईच्या मशीनला दोरा ओवण्याचा करा, पतसंस्थेत वारसनोंदीचा अर्ज भरण्याचा करा. एवढंच बघा की ते काम येणारा एक माणूस आणि न येणारा एक माणूस तुम्हाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर हवा.

धडा तयार झाल्यावर तो आम्ही पहिल्यांदा मावशीलाच दाखवला, बाजार उठल्यावर, रिकाम्या पाटीवर मोबाइल टेकवून. दहा मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "सगळं बरोबर. पण ओल्या दोरीचं वजन कुठं सांगितलंस?"

मुलीनं वही उघडली. मावशीनं इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या वहीवर हात ठेवला.

"राहू दे. ते नको लिहूस."